जुनं नाशिक शोधताना या चुका टाळा

माझा पुण्याचा मावसभाऊ दिवाळीत दोन दिवस आला होता. रामकुंड, काळाराम, सीतागुंफा त्यानं लहानपणीच पाहिलेली. "या वेळी कुणी दाखवत नाही ते दाखव," म्हणाला. मी त्याला तिवंधा चौकात नेऊन उभं केलं. तो इकडेतिकडे बघायला लागला. दुकानं, ओटे, दुचाक्या, डोक्यावर वायरींचं जाळं.

"काय आहे इथे?"

"दादा, तू रहाडीवर उभा आहेस."

त्यानं खाली पाहिलं. खाली रस्ता होता. रहाड त्या रस्त्याच्या पोटात होती आणि ती बघायला तो चार-पाच महिने लवकर आला होता.

मी जुन्या नाशकात वाढले. घरी येणाऱ्या पाहुण्यांना बरीच वर्षं पायी फिरवते आहे. त्यातून एक लक्षात आलंय. लोक ठिकाण बरोबर शोधतात, पण दिवस चुकतो, नदीचा काठ चुकतो, नाहीतर वाट चुकते. मग समोर असलेलंही दिसत नाही आणि माणूस "नाशकात देवळांशिवाय काही नाही" असं म्हणत परत जातो. ते ऐकून मला खरंच वाईट वाटतं. म्हणून हे लिहिते आहे.

तारीख बघून येता, तिथी बघत नाही

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून तिच्यावर जरा थांबते.

रहाड म्हणजे जुन्या नाशकातल्या चौकाचौकांत पेशवाईपासून असलेला दगडी बांधणीचा हौद. तिवंधा चौक, शनि चौक, दिल्ली दरवाजा, जुनी तांबट लेन अशा काही मोजक्याच ठिकाणी त्या उरल्या आहेत. वर्षभर त्या लाकडी फळ्या आणि मातीखाली बुजवलेल्या असतात. त्यांच्यावरून रिक्षा जातात, वराती जातात, भाजीच्या गाड्या उभ्या राहतात. रंगपंचमी जवळ आली की माती उकरतात, फळ्या काढतात, हौद धुऊन घेतात. फुलं उकळून रंग करतात. त्या त्या रहाडीचा रंग ठरलेला असतो आणि तो बदलत नाही. पंचमीला मानकऱ्यांच्या हातून पूजा होते आणि मग उड्या सुरू होतात. याला आम्ही धप्पा मारणं म्हणतो. उडी अशी मारायची की पाणी उसळून काठावरच्या लोकांवर पडलं पाहिजे. पुढे एक-दोन दिवसांत रहाड पुन्हा बुजते आणि रस्ता पुन्हा रस्ता होतो.

गडबड होते ती इथेच. बाहेरगावचे लोक होळीच्या दुसऱ्या दिवशी, धुळवडीला, रंग खेळायला येतात. नाशकात रंग रंगपंचमीला, म्हणजे फाल्गुन वद्य पंचमीला. चार दिवसांचा फरक पडतो आणि सुट्टी संपलेली असते. इंग्रजी तारीख दरवर्षी सरकते, तेव्हा मागच्या वर्षीच्या व्हिडिओवरची तारीख धरून तिकीट काढू नका. कालनिर्णय उघडा, पंचमी बघा आणि शक्य असेल तर आदल्या दिवशीच या. आदल्या संध्याकाळी रहाड उघडलेली पण कोरडी दिसते, गर्दी नसते, हौदाची बांधणी नीट बघता येते. मला स्वतःला तो आदला दिवस जास्त आवडतो. पोरं काठावर पाय सोडून बसलेली असतात, कढईखाली जाळ असतो, आणि कुणीतरी आजोबा आपल्या तरुणपणीच्या उड्यांचा हिशेब सांगत असतात.

पंचमीच्या दिवशी रहाडीच्या अगदी काठाला उभं राहू नका. मागून रेटा येतो. एखाद्या ओळखीच्या ओट्यावर किंवा पहिल्या मजल्याच्या गॅलरीत जागा धरा. मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. पोहता येत असलं तरी आत माणूस असताना त्याच्यावर उडी मारू नका, रहाड काही पोहण्याचा तलाव नाही.

धुळवडीला आलाच असाल तर निराश होऊ नका. त्या दिवशी वीर निघतात. घरातले पूर्वजांचे टाक हातात किंवा डोक्यावर घेऊन माणसं वाजतगाजत गंगेवर जातात. दाजीबा वीर हे त्यातले मानाचे, त्यांना बाशिंगे वीर म्हणतात. डोक्याला बाशिंग, अंगावर दागिने, आणि दारोदार त्यांना ओवाळायला बायका ताटं घेऊन उभ्या. मिरवणुकीच्या मागे पळण्यापेक्षा एखाद्या दारात थांबा आणि ओवाळणी बघा.

तिथीचा असाच घोळ रामनवमीला होतो. नवमीला काळारामापुढे मुंगीला शिरायला जागा नसते. दर्शन झालं की लोक गाडी पकडतात. आणि रथ निघतो एकादशीला, चैत्र शुद्ध कामदा एकादशीला! एक श्रीरामाचा रथ, दुसरा गरुडरथ. रामाचा रथ गंगा ओलांडत नाही, पंचवटीच्या बाजूलाच राहतो. गरुडरथ मात्र पलीकडे जुन्या गावात फिरून येतो. रथासमोर त्या वर्षीचा मानकरी पुजारी देवाकडे तोंड करून उलट्या पावली चालतो. एवढी वाट, इतक्या गर्दीत, पाठ न दाखवता. ज्यानं हे एकदा पाहिलं तो नुसत्या नवमीला कधी येणार नाही.

गंगेवर जाताना पाणी आणि वार विचारत नाही

आम्ही गोदावरीला गंगा म्हणतो. "गंगेवर जाऊन येते" असं कुणी म्हणालं तर उत्तर भारताच्या गाड्या शोधू नका.

घाटावर पहिल्यांदा आलेला माणूस रामकुंडापाशी थांबतो आणि तिथूनच वळतो. थोडं खाली चालत गेलात की नदीच्या पात्रातच दुतोंड्या मारुती उभा दिसेल. त्याला दोन तोंडं आहेत म्हणून ते नाव. बहुतेक पाहुणे नमस्कार करून पुढे जातात. आमच्यासाठी तो पुराची मोजपट्टी आहे. पावसाळ्यात घराघरांत एकच प्रश्न असतो, "मारुतीच्या कुठपर्यंत आलं?" पायाला, कमरेला, छातीला, गळ्याला. कमरेच्या वर गेलं की भांडी बाजारातले दुकानदार माल वर हलवायला लागतात. माझी आजी रेडिओवरच्या बातमीपेक्षा या मारुतीवर जास्त विश्वास ठेवायची. २००८, २०१६ आणि २०१९ च्या पुरात तो पाण्याखाली गेला होता. पुढच्या नारोशंकराच्या देवळाची घंटा ही त्याच्यावरची खूण. पाणी घंटेपर्यंत गेलं तर तो महापूर.

म्हणून जुलै ते सप्टेंबरात येणाऱ्यांनी सकाळी एक काम करा. गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडलंय याची बातमी बघा. आकाश निरभ्र असतं, नाशकात थेंब नसतो, पण त्र्यंबककडे रात्रभर कोसळलेलं असतं. विसर्ग वाढला की काही तासांत घाटाच्या पायऱ्या जातात. पूर आला असेल तर घाटावर उतरायचंच नाही. अहिल्याबाई होळकर पुलावरून बघा. पोलिसांनी दोर लावला असेल तर त्याच्या पुढे एकही पाऊल नको.

उन्हाळ्यात उलटी अडचण. पाणी कमी झालं की कुंडं ओळखू येतील असं वाटतं, पण पात्राचं बरंचसं काँक्रिटीकरण झालेलं असल्यानं सगळं एकच सपाट टाकं दिसतं. रामकुंडाच्या आसपास लक्ष्मणकुंड, धनुष्यकुंड, सीताकुंड अशी कुंडांची मालिका आहे. ही दगडी कुंडं मोकळी व्हावीत म्हणून नाशिककरांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केलाय. नुसतं नकाशावर बोट ठेवून ती सापडणार नाहीत. घाटावरच्या एखाद्या गुरुजींना किंवा जुन्या फूलवाल्या मावशींना नाव घेऊन विचारा, "धनुष्यकुंड नेमकं कुठलं?" असं. "काही बघण्यासारखं आहे का?" असं विचारलंत तर उत्तर रामकुंडच येणार.

बुधवारी घाटावर आठवडे बाजार भरतो. त्या दिवशी पायऱ्या, ओटे, लहान देवळांची दारं सगळं भाजीपाल्याच्या आणि कपड्यांच्या पालांमागे जातं. शिल्पं आणि शांतता बघायची असेल तर बुधवार टाळा. बाजार बघायचा असेल तर बुधवारच गाठा, तो स्वतःच बघण्यासारखा आहे.

आणखी एक, आणि हे कळकळीनं सांगते. रामकुंडात लांबलांबून लोक अस्थी विसर्जित करायला येतात. शेजारी दशक्रिया चाललेली असते. "जुन्या परंपरा" म्हणून त्यांचे फोटो काढणारी माणसं मी पाहिली आहेत. कॅमेरा खाली ठेवा. त्या माणसांचं घर नुकतंच रिकामं झालेलं असतं.

मॅपवर पिन टाकून गाडी गल्लीत घालता

आधी स्टेशनचं. नाशिक रोड स्टेशन म्हणजे जुनं नाशिक नाही. गाव तिथून नऊ-दहा किलोमीटर आहे. स्टेशनजवळ हॉटेल घेऊन "पायी फिरू" असा बेत केलेले पाहुणे मला दरवर्षी भेटतात. पंचवटीसाठी निमाणीची बस, जुन्या गावासाठी शालिमार किंवा सीबीएसकडे जाणारी बस धरा.

मग गाडीचं. एका रविवारी मी घरच्यांना घेऊन चारचाकीनं सराफ बाजाराकडे निघाले. मॅपनं दाखवलेली निळी रेघ एका बोळात शिरली. त्या बोळातून हातगाडी जेमतेम जाते. पुढे हातगाडी, मागे तीन दुचाक्या, शेजारी दुकानाची पायरी. बाहेर पडायला पाऊण तास लागला आणि सोबतच्या आजीबाईंचा दम गेला तो गेलाच, त्या दिवशी पुढे काही बघणं झालं नाही. तेव्हापासून गाडी गंगेच्या अलीकडेच लावायची आणि पायी निघायचं, हे मी ठरवून टाकलं.

पायी चाललात तरी मॅपचा एक घोटाळा राहतो. जुन्या नाशकात पत्ते गल्लीच्या नावानं चालतात आणि ती नावं पाटीवर असतीलच असं नाही. तांबट लेन, घनकर गल्ली, हुंडीवाला लेन, दहीपूल, नाव दरवाजा. चुकलात तर मोबाइल फिरवत बसू नका, नाव विचारा. या नावांतच गावाचा नकाशा आहे. तांबट लेनमध्ये तांब्याची भांडी घडवणारे होते, हुंडीवाल्यांच्या गल्लीत पैशांची देवघेव. आणि दहीपुलावर उभं राहून पूल शोधत बसू नका. सरस्वती नाला आता झाकलेला आहे, तो खालून वाहतो. जोराच्या पावसात दहीपुलावर पाणी का तुंबतं ते मग आपोआप समजतं.

बंद दार आणि उघडं दार, दोन्हीचा अर्थ चुकीचा लावता

वाड्यांबद्दल मला सगळ्यात जास्त विचारणा होते. जुन्या गावात अजून वाडे आहेत. दिंडी दरवाजा, आत चौक, सागवानी खांब, वर कडीपाट, भिंतीत देवळ्या. बाहेरून मात्र पुढे मोबाइल कव्हरचं दुकान आणि वर फ्लेक्स. दुकानांच्या मधल्या अंधाऱ्या बोळाकडे लक्ष गेलं नाही तर वाडा हुकला.

उघडं दार दिसलं की थेट आत जाणं ही चूक. हा कुणाचा तरी संसार आहे. चौकात धुणं वाळत असतं, कुणी आजारी असतं. दारातून हाक मारा, "काकू, आहात का घरात? वाडा बघायचा होता." संध्याकाळी दिवेलागणीला नको, दुपारी वामकुक्षीच्या वेळी तर अजिबात नको. सकाळी दहा-अकराची वेळ बरी. नाही म्हणाल्या तर हसून निघा. मला अशा हाकेला आजवर जास्त वेळा चहाच मिळाला आहे.

दुसरी चूक धोक्याची आहे. पडका, मोकळा वाडा दिसला की मुलं फोटोसाठी माडीवर चढतात. पावसाळ्यात जुन्या नाशकात वाड्याची भिंत कोसळल्याची बातमी येतेच. वरून धड दिसणारी तुळई आतून वाळवीनं खाल्लेली असते. रिकाम्या वाड्याचा जिना चढायचा नाही. खालून चौकात उभं राहूनसुद्धा नाही, दारातूनच बघा.

सार्वजनिक इमारतीतला वाडा बघायचा तर सराफ बाजारातला सरकारवाडा आहे. सोन्याच्या दुकानांच्या रांगेत लोक शोकेसकडे बघत जातात आणि पेशव्यांच्या कचेरीच्या दगडी जोत्याशेजारून निघून जातात. तिथे एकदा मान वर करा.

आणि भद्रकालीचं देऊळ. लोक शिखर शोधत फिरतात, पत्ता बरोबर असूनही देऊळ सापडत नाही म्हणतात. कारण त्या देवळाला शिखरच नाही. बाहेरून ते वाड्यासारखंच दिसतं. नाशिकच्या एका मोठ्या भागाला जिनं नाव दिलं ती देवी अशी घरासारख्या घरात आहे. तिथून पिंजारघाटाकडे गेलात तर बडी दर्गा आहे, तीही या गावाचीच. मोगलाईत या शहराचं नाव गुलशनाबाद होतं आणि पेशवाईत ते पुन्हा नाशिक झालं. भद्रकाली ते पिंजारघाट एवढ्या चालीत ही दोन्ही नावं पायाखालून जातात. दर्ग्यात डोकं झाकून, पादत्राणं बाहेर ठेवून जावं.

पांडवलेण्यात दृश्य बघून खाली उतरता

याचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो.

मुंबई-आग्रा रस्त्यालगतचा हा डोंगर सगळ्यांना माहीत आहे. दोनशेच्या आसपास पायऱ्या चढायच्या, वरून शहर बघायचं, एका बुद्धमूर्तीसमोर फोटो आणि खाली. वर २४ लेणी आहेत. त्यांच्या भिंतींवर जे कोरलंय ते वाचायला जगभरातून अभ्यासक येतात आणि आपण त्याला पाठ टेकून उभे राहतो.

आधी नाव. पांडवांचा यांच्याशी संबंध नाही. शिलालेखांत या डोंगराचं नाव त्रिरश्मी असं येतं आणि ही बौद्ध भिक्षूंची लेणी आहेत. लेणी क्रमांक १९ सगळ्यांत जुनं. लहान, साधं, बहुतेकांच्या नजरेतून सुटणारं. त्याच्या खिडकीवरचा लेख सांगतो की सातवाहन कुळातल्या कृष्ण राजाच्या काळात नाशिकच्या श्रमणांच्या, म्हणजे भिक्षूंच्या, महामात्रानं (त्यांचं बघणाऱ्या अधिकाऱ्यानं) हे लेणं करवलं. या शहराचं नाव दोन हजार वर्षांपूर्वी दगडात कोरलेलं तिथे आहे. नाशिककरानं निदान एकदा तरी त्या खिडकीपुढे उभं राहावं असं मला मनापासून वाटतं.

मग क्रमांक १०. नहपान या क्षत्रप राजाचा जावई उषवदात यानं दिलेलं दान इथे नोंदलंय. त्यानं ३००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, कायमची ठेव म्हणून गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे (संघटनांकडे) ठेवले. २००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दरानं, १००० दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण दरानं. मुद्दल परत घ्यायची नाही, फक्त व्याज वापरायचं. २००० वर वर्षाचं व्याज होतं २४०. लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्याच्या मुक्कामाला, राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी. वीस बारे दोनशे चाळीस. हिशेब चोख बसतो. मुदत ठेव, वेगवेगळे व्याजदर, विश्वासानं पैसे घेणारी विणकरांची संघटना, हे सगळं या डोंगरावर लिहून ठेवलंय. आणि ते गोवर्धन गाव अजून आहे, गंगापूर रस्त्यानं जाताना लागतं.

क्रमांक ३ सगळ्यांत देखणं. जोत्यातून सहा धिप्पाड पुरुष वर आलेत आणि पूर्ण लेणं खांद्यावर तोलून धरलंय असं वाटतं. ओसरीत वर, मागच्या भिंतीवर गौतमी बलश्रीचा लेख आहे. आईनं मुलाबद्दल कोरवलेला. तिचा मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी तेव्हा हयात नव्हता, नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या राज्याचं १९ वं वर्ष चालू होतं. ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, ज्यानं क्षहरातांचा वंश निःशेष केला, असं ती मुलाचं वर्णन करते. क्षहरात म्हणजे नहपानाचं घराणं, क्रमांक १० वाल्यांचं. दोन शत्रू घराण्यांची दानं एकाच डोंगरावर, काही पावलांच्या अंतरावर. क्रमांक १७ मध्ये तर दत्तामित्रीहून आलेल्या इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाचं दान आहे. यवन म्हणजे ग्रीक वंशाचा माणूस, नाव भारतीय, श्रद्धा बुद्धावर.

"पण आम्हाला अक्षरंच दिसत नाहीत" ही तक्रार नेहमीची. समोरून फ्लॅश मारलात तर दगड सपाट दिसतो आणि अक्षर पुसल्यासारखं होतं. मोबाइलचा टॉर्च भिंतीला जवळजवळ समांतर, कडेनं धरा. खाचांत सावली पडते आणि ब्राह्मी अक्षरं उठून येतात. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या शाळकरी मुलीनं "बाई, लिहिलंय!" असं ओरडून सांगितलं होतं. अक्षरांवरून बोट फिरवू नका, पाणी किंवा खडू तर मुळीच लावू नका. डोंगरावर आग्यामोहोळं असतात, म्हणून उग्र अत्तर, धूर आणि आरडाओरडा नको. सकाळी लवकर चढा आणि क्रम असा ठेवा: १९, १७, मग १८ चं चैत्यगृह, १०, शेवटी ३. दीड-दोन तास सहज जातात.

ऐकलेली पहिली कथा पक्की धरता

नाशकात एका जागेच्या तीन कथा मिळतात. शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून नाशिक असं तपोवनात सांगतील, नऊ शिखरांवर वसलं म्हणून नवशिख असं दुसरं कुणी सांगेल. भांडू नका, दोन्ही ऐका. फक्त कथा कुठली आणि नोंद कुठली हे वेगळं ठेवा. नारोशंकराच्या देवळाचं खरं नाव रामेश्वर, सरदार नारोशंकर राजेबहाद्दरांनी ते १७४७ मध्ये बांधलं. दारावरची घंटा पोर्तुगीज, वसई १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकली त्यानंतर इकडे आलेली, तिच्यावर मात्र १७२१ हे साल आहे. ते साल बघायला सोबत लहान दुर्बीण असली तर मजा येते. कपालेश्वरासमोर नंदी नाही, हेही लोक देवळातून बाहेर आल्यावर कुणी सांगितलं तरच मागे वळून बघतात. महादेवानं नंदीला गुरू मानलं म्हणून तो समोर बसत नाही, ही त्यामागची कथा.

काळारामाच्या बाबतीत मात्र लोक कथा ऐकतात आणि नोंद सोडून देतात. काळ्या दगडाचं ते देऊळ, भोवतीच्या ओवऱ्या, सरदार ओढेकरांनी बांधल्याची माहिती, हे सगळं गाइड सांगतो. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली, दादासाहेब गायकवाडांच्या साथीनं याच दारांशी मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे काही वर्षं चालला. हजारो माणसं इथे दाराबाहेर उभी होती. आत जाण्याआधी दाराबाहेर पाच मिनिटं थांबा आणि ते दार बाहेरून बघा.

काजीची गढी चढायला जाता

गंगेकाठचा तो मातीचा उंच टेपाड म्हणजे नाशिकची सगळ्यांत जुनी वस्ती. १९५०-५१ मध्ये डॉ. ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी इथे उत्खनन केलं आणि ताम्रपाषाणयुगापासूनचे थर सापडले. हे वाचून उत्साही मंडळी गढीच्या कडेवर चढतात, मातीतून खापरं उकरतात. दोन्ही करू नका. गढीची माती दर पावसाळ्यात ढासळते, वर माणसं जिवावर उदार होऊन राहतात. खापर उचललंत की त्याचा थर हरवतो, मग ते नुसतं मडक्याचं तुकडं. नदीच्या बाजूनं, लांबून, कोरड्या दिवसांत बघा. कडेला मातीचे वेगवेगळ्या रंगांचे पट्टे दिसतात.

शहराबाहेरचंही त्याच दिवसात कोंबता

शिर्डीला जाताना सिन्नर बायपासनं जाणारे गोंदेश्वर हुकवतात. यादवकाळातलं शिवपंचायतन, मधे मोठं देऊळ आणि चार कोपऱ्यांत चार लहान. गाडी गावात वळवायची, एवढंच करायचं असतं. त्र्यंबकला जाताना अंजनेरीच्या पायथ्याशी नाणेशास्त्र संशोधन संस्थेचं नाण्यांचं संग्रहालय आहे. पांडवलेण्यातले कार्षापण म्हणजे नेमकं काय ते तिथे बघून येता येतं, म्हणून मी पाहुण्यांना लेण्यानंतर तिथे नेते. रामशेज किल्ल्याला मात्र वेगळा दिवस द्या.

शहरातला एक दिवस असेल तर माझी वाट अशी असते. सकाळी सातला रविवार कारंजा. चांदीच्या गणपतीला नमस्कार. तिथून सुंदरनारायण. त्याच्या जीर्णोद्धाराचं काम सुरू असेल तर बाहेरूनच बघायचं. २१ मार्चच्या सुमारास आलात तर सूर्यकिरण थेट मूर्तीवर पडतात. मग होळकर पुलावरून पलीकडे, पुलाच्या मध्यावर, पाणी वाहत जातं त्या दिशेला तोंड करून उभं राहायचं. डाव्या हाताला पंचवटी, उजव्या हाताला जुनं नाशिक. रामकुंड, कपालेश्वराच्या पायऱ्या, काळाराम, दुतोंड्या, नारोशंकर. मग रामसेतूवरून आणि तो बंद असेल तर गाडगे महाराज पुलावरून परत अलीकडे. भांडी बाजार, सरकारवाडा, दहीपूल, भद्रकाली. साडेअकरा-बारापर्यंत तिवंधा चौकात पोचतो. तिथे मी थांबते आणि पाहुण्यांना विचारते, आपण कशावर उभे आहोत? मावसभाऊ यंदा पंचमीच्या आदल्या दिवशी येतोय. रजा त्यानं कालनिर्णय बघून टाकली आहे.